छातीला झेपणारा क्लब

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्या ग्रंथपालाने पुस्तक उघडलं होतं. पण शेजारी एक पेशंट आणि त्याचा मेहुणा बोलत होते, त्यामुळे पान काही उलटेना.

“भाऊजी, डॉक्टर आज तुमचं फुटबॉल बघणं बंद करणार. छातीला ताण नको म्हणतात.”

“आपल्या क्लबचा कसला ताण? सगळे चेंडू मागेच देतात. डोळा लागतो माझा.”

“कोच म्हणतो, धीर धरा.”

“त्याचं काय जातंय? त्याला अध्यक्षांनी मुदतवाढ दिली. मला हे डॉक्टर देतात का बघू.”

“मग रविवारी घाम फुटून खाली का बसलात? ताई केवढी घाबरली.”

“रविवारचं वेगळं होतं.”

“काय वेगळं? चार गोलांनी हरलो.”

“शेवटी आपल्याला कॉर्नर किक मिळाली होती रे.”

“हे आत बोलू नका.”