कानाची उंची

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते. पुढच्या बाकावरच्या बाईने हातातलं पुस्तक उघडंच ठेवलं आणि कान तिकडे लावले.

“ताई, संग्रहालयात आईची मुलाखत लागली आणि तुझं तोंड का उतरलंय?”

“स्पीकर कुठे बसवायचे ते मीच ठरवलं रे. आवाज हॉलभर पसरू नये म्हणून नेमके उभ्या माणसाच्या कानाशी.”

“मग?”

“आई व्हीलचेअरवर. पडद्यावर स्वतःला बघत बसली. तिचा पदर सारखा करायला मी वाकले, तर खाली काहीच ऐकू येईना.”

“एवढी मापं घेतलीस, आईचंच राहिलं?”

“तेव्हा चालत होती ना ती.”

“तिला सांगितलंस?”

“कसं सांगू? शेजाऱ्यांना सांगत सुटलीय, लेकीने माझा आवाज काय खणखणीत लावलाय म्हणून!”