ब्रेकखालचा नारळ

चॅम्पियन लोकांना भ्याव नसतं, असं तुमी म्हणायलाव. पण मी एक चॅम्पियन थरथर कापताना बघितलाय. माझा मावसभाऊ बालाजी, कारच्या रेसमध्ये देशात पहिला आलेला. जिंकून गावाकडं आला तर मावशी म्हणाली, आधी पोखर्णीला चल, नरसिंहाच्या पाया पड.

दर्शन झालं. मावशीनं गाडीची पूजा केली आन् एक नारळ समोरच्या काचेपाशी ठेवला.

बालाजी म्हणाला, "आई, गाडीत काहीबी सुटं ठिऊ नको."

"देवाचा नारळ हाय. त्याला काय बांधून ठिवतात का?"

चॅम्पियननं गाडी चालू केली.

परतीला मी त्याच्या शेजारी, मावशी मागं. पुढं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. वळणावर नारळ गडगडत खाली गेला. बालाजीनं ब्रेक दाबला तर तो दबंना. नारळ नेमका त्याच्याखाली अडकलेला. ऊस काचेला टेकायला आला. बालाजीनं खटाखट गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला आन् गाडी कडेच्या तुरीत घातली.

मावशीनं उतरून नारळ काढला, कपाळाला लावला. "बघ, याच्यामुळंच वाचलो."

बालाजीचे हात मात्र स्टेअरिंगवरून सुटंनात, लटलट कापायले होते. मी म्हणलं, "आरं, रेसमध्ये तू याच्या तिप्पट पळवतोस. मग एवढं भ्याव कशाचं?"

तो म्हणाला, "तिथं मागं आई बसलेली नसती."