एकोणतिसावी ओळ

हॅलो?… हो, मावशीच बोलतेय. तुझ्याच फोनची वाट बघत होते, चिंगे… नाही, शाल झाली नाही अजून… अगं ओरडू नकोस! उद्या संध्याकाळी तुझ्या बाई रिटायर होताहेत, पाठ झालंय मला. सकाळपासून एका जागी बसलेय, मान धरलीय नुसती.

ऐक ना. तुझ्या नमुन्याच्या कागदावरची एकोणतिसावी ओळ चुकलीय… मी नाही, कागद चुकलाय… हो बाई, तू गणितात पीएचडी करतेस आणि मी नववीत गणितात गचकले. तरी ऐक!

अहो, आज वाढून घ्या तुमचं तुम्ही!… तुझे काका गं.

हां. एका ओळीत एक मूळ संख्या, क्रमानं, तीनच्या पायात लिहिलेली, म्हणजे दहाच्या जागी तीनपटीची घरं. पांढरा शून्य, पिवळा एक, निळा दोन. पाच टाके, मग तेच पुन्हा पुन्हा शालीच्या कडेपर्यंत. बरोबर?… तर पहिली ओळ सोड, तिच्यात पिवळा नाहीच. पुढं प्रत्येक पाचात पिवळे एक, नाहीतर तीन. दोन नाहीत, चार नाहीत. चाळीस ओळी विणल्या मी, डोळ्यांत बसलंय ते… आणि एकोणतिसावीत दोनच!… योगायोग कसला? तू मोज तरी.

पिवळा, पिवळा, पांढरा, पांढरा, निळा… हं… हं… किती? एकशे दहा?… म्हणजे सम. मग ती मूळ कशी असेल!… एकशे नऊ हवी होती? शेवटचा टाका पिवळा?… बघ! म्हणत नव्हते मी?

पण असं होतं का गं?… एक, तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी… सगळी घरं विषम, बरं… निळा म्हणजे त्याच घराची जोडी, तिनं फरक पडत नाही… म्हणजे पिवळे सम असले की आख्खी संख्या सम. अगं, सोपं आहे की हे! मास्तर नुसते फळ्याकडे तोंड करून बोलायचे, मला वाटायचं माझ्याच डोक्यात भुसा.

राहू दे काय?… कुणाला कळणार नाही?… तुझ्या बाईंनी जन्मभर हेच शिकवलं ना? आणि त्यांना नाही कळलं तरी मला कळलंय. आता ती ओळ डोळ्यांत खुपत राहणार… हो, बोटं सुजलीत. कंटाळलेय, खरंच कंटाळलेय… नको, तू येऊ नकोस. तुला साधी गाठ मारता येत नाही.

काय?… हे आधीपासून माहीत आहे लोकांना? पुस्तकात आहे?…

असेल… नाही गं, वाईट कशाला वाटेल… वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू… पण मला कुणी सांगितलं नव्हतं, चिंगे. माझं मला दिसलं.

बरं, ठेव आता. बारा ओळी उसवायच्यात.