मूठभर तांदूळ

मंचरच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलेल्या हर्षालीच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडत होतं.

“त्या प्रार्थनेवाल्यांना इथं बोलवायचं न्हाई. माझा भाऊ तिकडं ऑपरेशनला, आन् तू अशी शांत? काय पाजलं गं त्यांनी तुला?”

“काय न्हाई, वन्सं. पुढं काय व्हईल ते मला ठावं न्हाई. पण तिकडं आत यांच्यापाशी येशू हाय, एवढा धीर हाय.”

“मग डोळं मिटायला का लावत्यात? काय लपवायचं असतंय?”

“मन ठिकाणावर ऱ्हावं म्हणून.”

“आन् घेत्यात काय?”

“रोज सैपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचं. रविवारी समद्यांचं एकत्र करायचं.”

“बघ! घेत्यातच की!”

“अडलेल्याच्या घरी पोचवत्यात. तुमचा पप्पू आजारी व्हता, तवा तुमच्या ओट्यावर तांदळाचं पोतं आलं व्हतं ना?”

“ते तू ठिवलं व्हतंस ना?”

“माझ्याकडं कुठलं एवढं, वन्सं?”

नणंदेनं बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली, जागा केली.

“बोलव त्यांना. पण मी हितंच बसणार, डोळं उघडं ठिवून.”