मदतनीस (पुरुष)

...आणि वर मला म्हणते, 'अवो मदतनीस, तेवढे पोरांचे हात धुवून घ्या.' मला. म्हणजे ज्या पोरांचे हात, तोंडं, ढुंगणं सगळं सगळं मी धुतलं, तीच पोरं माझ्यापुढे उभी करून मला सांगते, आणि ही कोण, तर माझीच बायको. सुंदरा. येताना बाहेर बोर्ड वाचलात ना? 'सुंदराबाई पाळणाघर, पालिकेकडे नोंदणीकृत.' माझं नाव कुठे दिसलं त्याच्यावर? नाही ना? खाली मोबाईल नंबर आहे, तो माझा. तेवढाच मी. तुम्हाला सांगतो, मी जळणाऱ्यातला माणूस नाही. लोट्याला एमआयडीसीत, केमिकलच्या कारखान्यात उभी हयात गेली, माझ्या हाताखाली वाल्व फिरवायला शिकलेली पोरं माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसली, त्यांना मी स्वतः पेढे वाटले. पण हे... हे वेगळं आहे. बसा, सांगतो. हळू बोलतो हां, आत पोरं झोपलीयत.

आता हे पाळणाघर सुरू कसं झालं, तर मी रिटायर झालो त्यामुळे. मी लोट्याला, घर इथे रत्नागिरीत, नाचणे गावात. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर, शिफ्टमध्ये, आणि सुट्टीला एसटीने घरी. आमचा अमरदीप लहान होता तेव्हा मला बघून आईच्या पाठी लपायचा. पाव्हणा आला म्हणायचा. तो मोठा झाला, नोकरीला पनवेलला गेला, आणि मी घरी आलो तेव्हा घरात मूल म्हणून कोणी उरलंच नव्हतं. सुंदराची ओटीवर शिलाई मशीन, दिवसभर ब्लाउज आणि फॉल-पिको, बायकांची ये-जा, आणि मी खुर्चीत. ती म्हणायची, 'अवो, असं बसून बसून अंगावर शेवाळ धरेल, जरा कुठे फिरून या.'

एवढ्यात शेजारची रझिया आली. ती सिव्हिलला नर्स. सासू हर्णेला गेलेली, लेकीच्या बाळंतपणाला, आणि नवरा दुबईला. कडेवर ताहा. म्हणाली, 'काका, सासूबाई येईपर्यंत बघाल का याला?' मी घेतला. सासूबाई आल्या, पण ताहा काही माझ्याकडून हलला नाही. मग बँकेतल्या गुरुप्रसादची सानवी आली, मग तिच्या मावशीचा मुलगा, मग आणखी कोण कोण, आणि बघता बघता घर भरलं. तुम्हाला सांगतो, कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं नाटकाचं ते मला भिंतीपलीकडून कळायचं. ताहाला झोपवायची तर माझी खास पद्धत होती. आमचा कारखान्यातला बॉयलर चालायचा ना, तसा आवाज काढायचा, घूंऽऽऽ, अगदी बारीक, छातीतून. झोपला. कुठली अंगाई नि काय, बॉयलर.

आणि तेव्हा सुंदरा कुठे होती? मशीनवर. पोरगं रांगत रांगत मशीनपाशी गेलं की तिथूनच ओरडायची, 'तुमचं सामान उचला इथून.' सामान. आज तेच सामान तिच्या मांडीवर झोपतं. पण मी जळत नाही.

मग पालिकेने नियम काढला. घरोघरी जी पाळणाघरं चालतात त्यांची नोंदणी, तपासणी, सगळं. काढायलाच पाहिजे होता, मी नाही म्हणत नाही. एक दिवस स्कूटीवरून ईशा मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. दारातूनच म्हणाल्या, 'आजोबा, आजी कुठायत?' मी म्हटलं, आहे आत, काय काम होतं? 'पाळणाघर त्याच चालवतात ना?' मी म्हटलं, मी चालवतो. तर मॅडम अशा हसल्या, म्हणजे म्हाताऱ्याने कायतरी गंमत केली, आपण हसावं, तशा. मग मी त्यांना घर फिरवून दाखवलं. विहिरीवर जाळी, विजेच्या बटणांना झाकणं, फिनेल वरच्या फळीवर, फाटकाची कडी बाहेरून. मॅडम प्रत्येक ठिकाणी 'छान, छान' म्हणत होत्या, माझी छाती फुगत होती, आणि शेवटी ओटीवर बसून पाणी पिता पिता म्हणाल्या, 'सगळं उत्तम आहे आजोबा. फक्त मुख्य सांभाळणारी बाई हवी, आणि तिने पालिकेचं प्रशिक्षण घेतलेलं हवं.' मी म्हटलं, आणि मी? तर त्यांनी कागद बघितलान नि म्हणाल्या, 'तुम्ही राहू शकता की. मदतनीस म्हणून. कंसात पुरुष लिहायचं.'

आणि कंसातल्या पुरुषाला पोलिसांचा दाखला लागतो. गेलो. हवालदार म्हणाला, 'कुठल्या कामासाठी पाहिजे दाखला?' मी म्हटलं, पोरं झोपवतो. त्याने पेन खाली ठेवलंन आणि माझ्याकडे बघत बसला. आता बघा, हल्लीचे दिवस बघता नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझी नात असती तर मीसुद्धा आधी विचारलं असतं, घरात बाई आहे का म्हणून. ते कळतं हो मला. कळतं म्हणूनच तर जास्त जळ... म्हणजे वाईट वाटतं.

सुंदरा तर सरळ नाही म्हणाली. 'लग्नसराई आहे, ब्लाउजचा ढीग पडलाय, मला कुठलं प्रशिक्षण नि काय.' मी विनवण्या केल्या. हो, मीच. म्हटलं, तू नुसती नावाला हो, काम सगळं मी करतो, नाहीतर पोरं जातील ही. मी स्वतः तिला स्कूटरवरून रोज हॉलवर सोडायचो आणि बाहेर थांबायचो. शेवटच्या दिवशी सगळ्या बायकांना प्रमाणपत्रं दिली, फोटो काढला, पेपरात आला. मधोमध सुंदरा. कोपऱ्यात नीट बघितलंत तर आमच्या स्कूटरचं हँडल आलंय.

आणि नावाला झालेली बाई नावापुरती राहिली का? कुठली. घरी आली ती मॅडम होऊनच. उशी मांडीवर उपडी घालून तिच्या पाठीत थापट्या मारत बसायची. मी म्हटलं, उशीने काय केलंन तुझं? तर म्हणे, 'सराव करते. तुम्हाला नाय कळायचं.' मशीन गेली मागच्या खोलीत. ब्लाउजवाल्या बायकांना म्हणायला लागली, 'पोरं झोपली की शिवते.' फळं चिरून, शेंगदाणे कुटून, कुणाला कुठल्या कुशीवर निजवायचं ते मला शिकवून... मला. आईबाप दारात आले की मी पुढे व्हायचो, तर ते माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, 'आजी आहेत का?' सानवी तिच्या पदराला धरून फिरायला लागली. जाऊदे म्हटलं, पोरगी आहे. ताहा आपला आहे.

आणि एका दुपारी ताहा झोपेना. मी त्याला मांडीवर घेतला, बॉयलर सुरू केला, घूंऽऽऽ. त्याने माझ्या तोंडावर हात ठेवलान आणि म्हणाला, 'काका, आवाज नको. आजी पाहिजे.' ती आली, त्याच्या कपाळावरून नुसता हात फिरवलान, आणि पोरगं झोपलं. मी मागीलदारी अंगणात गेलो आणि झाडलेलं खळं परत झाडलं. तुम्हाला सांगतो, मी जळणाऱ्यातला माणूस नाही, पण ते खळं मी एवढं झाडलं की खालची माती वर आली.

नंतर जे झालं ते मात्र नीट ऐका. जूनची सुरुवात होती. गुरुप्रसादने गावाहून उकडलेल्या आठळ्या आणलेल्या, फणसाच्या, पिशवीभर. मी पायरीवर बसून सोलत होतो आणि ठेचून वाटीत टाकत होतो, कारण अख्खी आठळी पोरांना द्यायची नाही हे बाईसाहेबांनी मला बजावलेलं होतं. ताहा मागून आला, सोललेली एक उचलून तोंडात टाकलीन आणि हसत पळाला. मी म्हटलं, अरे थांब. आणि हसणं थांबलं. एकदम थांबलं. मागे वळून माझ्यासमोर उभा राहिला, तोंड उघडं, डोळे एवढे मोठे, आणि आवाज नाही. कारखान्यात भोंगा झाला की कुठे पळायचं, काय बंद करायचं, ते मला झोपेतसुद्धा यायचं. पण इथे आवाजच नव्हता हो. मी उठलो आणि नुसता उभा राहिलो. हातात अर्धी सोललेली आठळी तशीच. सुंदराला हाक मारली की नुसती मनात मारली, मला आजही सांगता येणार नाही.

ती आली. काय झालं म्हणून विचारलंनसुद्धा नाही. खाली बसली, पोराला मांडीवर उपडा घेतलान, डोकं खाली, आणि पाठीत, दोन खवट्यांच्या मधे तळहाताने दणका दिलान. परत. परत. मला वाटलं, मोडेल पोर. आणि आठळी लादीवर पडली. मग ताहा रडला. असला रडला, की पलीकडच्या आळीतून माणसं आली. आणि रडत रडत त्याने हात पुढे केले ते तिच्याकडे. तुम्हाला सांगतो, मगासपासून मी जळत नाही, जळत नाही म्हणतोय ते सगळं सोडा. पण त्या वेळी मी खरंच नाही जळलो. त्याने शंभर वेळा तिच्याकडे हात करावेत, असं वाटलं.

तिने लगेच रझियाला फोन केलान, घडलं ते सगळं सांगितलंन, काही लपवलंन नाही. रझिया सिव्हिलमधून धावत आली, ताहाला तिकडे नेऊन डॉक्टरांना दाखवलंन. घर रिकामं झालं. मग सुंदरा मागच्या खोलीत मशीनवर जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. ओवला जाईना. मी चहा करून नेला. ती म्हणाली, 'अमरदीपने पण असंच बटण गिळलेलं. तुमी लोट्याला होतात.'

मी म्हटलं, कधी?

'लहान होता. निळा पडलेला. मला काय करायचं तेच कळेना, नुसती रस्त्यात उभी राहून ओरडत होते. कोणीतरी आला, त्याने पाठीत हाणलंन, पडलं बटण. तुमी शनिवारी आलात तेव्हा तो खेळत होता. मग काय सांगायचं.'

एवढी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. मी चहा बशीत ओतला आणि तिच्या पुढे धरला, कारण कप तिच्याने धरवत नव्हता. म्हटलं, म्हणून उशीला मारत होतीस? तर म्हणे, 'मग काय, उशीवर राग होता माझा?'

दुसऱ्या दिवशी मी फाटकापाशीच उभा. येते की नाही, येते की नाही. आता कोण पोर ठेवील आमच्याकडे? आणि आली रझिया. ताहा कडेवर, डबा हातात. सुंदराच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, म्हणाली, 'आजी, हा तुमच्याकडेच राहणार.' मी बाजूला उभा, डोळे पुसत. तर जाता जाता वळली नि सुंदराला म्हणाली, 'आणि काकांकडे पण जरा लक्ष द्या हां, घाबरले असतील.' झालं. तिथे परत सुरू झालं बघा माझं.

ईशा मॅडमना कळलं. त्या आल्या, सुंदराचा हात हातात घेतलान, आणि म्हणाल्या, 'पुढच्या तुकडीला तुम्हीच शिकवायला या.' आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'आजोबा, आता मदतनीसांनापण प्रशिक्षण लागणार. पुरुष चालतील.'

गेलो. हॉलमध्ये सगळ्या बायका, मागच्या बाकावर मी एकटा. समोर माझी बायको, हातात पालिकेची रबराची बाहुली. 'ओ, मागचे काका, लक्ष इकडे.' काका म्हणाली. सगळ्यांच्या देखत. मला पुढे बोलावलंन, बाहुली माझ्या मांडीवर उपडी घातलीन आणि म्हणाली, 'हाणा.' मी हाणलं. 'असं नाय, हे काय तबलेवाल्यासारखं थोपटताय.' मी परत हाणलं. तिने मान हलवलीन. तुम्हाला सांगतो, ज्या बाईला मी प्रशिक्षणाला पाठवली, तिने मला नापास केलंन. परत पुढच्या तुकडीला बसायचं. लेखी ठीक आहे म्हणे, हात मऊ आहे.

म्हणून सोमवारपासून पुन्हा जातोय. बाहुली घरी आणून ठेवलेय तिने, स्कूटरवर मावत नाही, म्हणून रिक्षा करतो. मागच्या सीटवर सुंदरा, आणि तिच्या बाजूला बाहुली, नीट टेकून बसवलेली. मी म्हटलं, जरा सरकव तिला, मला बसू दे. तर म्हणे, 'तिची मान वाकडी होईल, तुमी पुढे बसा ना ड्रायव्हरजवळ.'

बसलो पुढे.