देवाला चालणारं फूल

शिरूरच्या स्टँडवर निमोण्याची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर हौसरावआप्पा आणि त्यांच्याच गावच्या जाईबाई बोलत होते.

“जाईबाई, आमचा सोनचाफा फुलला बरं का!”

“व्हय? कवा?”

“पंधरा दिस झालं. आमची कारभारीण तुळजा रोज ओंजळभर देवाला वाहती. बाहेरचं फूल आमच्या देवाला चालत न्हाई.”

“तुम्ही झाडावर पाह्यली फुलं?”

“मी उठंस्तवर ती तोडून आणती. युरिया टाकला, उसासारखं पाटपाणी सोडलं. शेती रक्तात लागती.”

“लागतीच की. म्हणून तर बुडाला चिखुल आन् पानं पिवळी.”

“तुमच्या बुद्धविहाराच्या सोनचाफ्याला तू काय घालती?”

“भांडी विसळलेलं पाणी. तेबी माती वाळल्यावर.”

“मग फुलं?”

“कळ्या मोप. पण पंधरा दिस झालं, सकाळी खालच्या फांदीवर एक फूल दिसंना.”

“बघ! खत पायजे. गोणीभर युरिया देऊ का पाठवून?”

“नगं आप्पा. वहिनींना तेवढं सांगा, विहारामागं स्टूल ठेवलंय. वरच्या फुलांसाठी फांदी वढू नका म्हणावं.”