मागचा आवाज

तुळशीबाई : खोक्यातलं नको. ते काचेमागं लावलंय ना, तेच काढ.

मुरलीशेठ : मावशी, दोन्ही एकच आहे. काचेतला हेडफोन सगळ्यांनी हाताळलेला असतो. तुम्हाला सीलपॅक देतो ना.

तुळशीबाई : एकच हाय तर काढायला का जीवावर येतं? दाखवायचं एक नि बांधून द्यायचं दुसरं. उल्हासनगरला मी आज नाय आले, शेठ. लग्नाचे बस्ते बांधायला येऊन येऊन माझे केस पिकले.

जिज्ञासा : आजी, हळू बोल ना. अंकल, सॉरी हां. तुम्ही काचेतलाच दाखवा.

मुरलीशेठ : सॉरी कसला, बेटा. मावशीसारखं गिऱ्हाईक रोज एक तरी येतं. हे घ्या. हातात धरून बघा, किती भारी आहे.

तुळशीबाई : जड हाय खरा. त्याच्यापेक्षा हा बरा, जिज्ञू. तो मघाचा अगदी कापसासारखा होता.

मुरलीशेठ : आता खरं सांगू? जड म्हणजे चांगला असं काही नसतं. काही कंपन्या आत लोखंडाची पट्टी घालतात, गिऱ्हाइकाला हातात भारी वाटावं म्हणून. आवाजाशी त्या पट्टीचं काही घेणं-देणं नाही.

तुळशीबाई : मग माझ्या हातात कशाला दिला?

मुरलीशेठ : तुम्ही मागितला, मावशी.

जिज्ञासा : अंकल, मला सांगा, या किमतीला हा खरंच वर्थ आहे का? माझ्याकडे मोबाइलबरोबर आलेला इयरफोन आहे. त्यात शब्दच कळत नाहीत, सगळा गोंधळ ऐकू येतो.

मुरलीशेठ : कोणती गाणी ऐकतेस त्यावर आहे. हिंदी, पंजाबी, की तुमची हळदीची?

जिज्ञासा : गाणी नाही. धवले.

मुरलीशेठ : ते काय असतं?

तुळशीबाई : सांग, सगलं सांग त्याला. उद्या याच्या दुकानात वाजेल.

जिज्ञासा : आजी, आम्ही आगरी आहोत एवढं सांगितलं तर काय बिघडतं? अंकल, आमच्याकडे लग्नात भटजी असतो, पण त्याच्याआधी धवलारीण लागते. ती गाऊन गाऊन देवांना लग्नाला बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते. तोवर कार्य पुढे जात नाही. आमच्या खरवईत आजीच धवलारीण आहे. आता माझ्या भावाचं, धर्मेशचं लग्न आहे. आजीच्या मागे बसून म्हणायला दुसरी बाई लागते, तर या वेळी मी बसणार आहे. माझ्याकडे सुयोगच्या, आमच्या एका चुलत भावाच्या, लग्नातलं रेकॉर्डिंग आहे. त्यावरून पाठ करायचंय.

तुळशीबाई : पाठ करायचंय म्हनते. अंबरनाथला कंपनीत जाता-येता कानात घालून धवला पाठ होतो काय? बदलापूरच्या त्या डीजेवाल्यानं बी असाच मांडवात फोन धरला होता. आठवन म्हनून ठेवतो, आजी. आता माझ्या आवाजाला ढोल जोडलाय नि जाईल तिथं हळदीला वाजवतो. मना बोलवायचं कारनच उरलं नाय लोकांना.

जिज्ञासा : मी त्याच्यासारखी वाटते का तुला?

तुळशीबाई : तू माझी नात हायस. पन फोन तोच हाय.

मुरलीशेठ : बरं, मावशी, ऐकून तर बघा. बेटा, दुकानातलं गाणं नको लावू, त्यात सगळेच हेडफोन गोड वाटतात. तुझं ते रेकॉर्डिंगच लाव. नाही तरी तुम्ही इथे ऐकणार आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवणार.

तुळशीबाई : मी काय मागवनार ऑनलाइन? मना फोन उचलता येतो नि ठेवता येतो.

मुरलीशेठ : तुम्ही नाही, ही मागवेल. रोज दहा पोरं येतात. तासभर ऐकतात, मॉडेलचा फोटो काढतात, थँक यू अंकल बोलून जातात.

जिज्ञासा : मी फोटो काढत नाही, अंकल. आजी, पदर मागे घे. असं. लावू?

तुळशीबाई : लाव. …अगो बाय. बंद कर, बंद कर.

जिज्ञासा : काय झालं? आवाज मोठा आहे?

तुळशीबाई : हे लबाड हाय. इथं ढोल वाजतोय.

जिज्ञासा : ढोल कुठून येईल?

तुळशीबाई : तेच तर. सुयोगच्या हलदीला मी धवला सुरू केला तवा ढोलवाला आलाच नव्हता. सगले त्याच्या नावानं खडे फोडत होते. मग यात धुम धुम कुठून करतंय? नि माझा आवाज बग, एखाद्या बाप्यासारखा येतो.

मुरलीशेठ : मावशी, तुम्हाला खरंच कळलं? यात बेस वाढवलेला आहे. कोणी भांडं जरी ठेवलं तरी आत धुम करून येतं. लोकांना तेच लागतं. बेस नसला तर बोलतात, शेठ, माल हलका दिला.

तुळशीबाई : म्हंजे जे नाय ते ऐकवायचं नि त्याचे जास्त पैसे घ्यायचे.

मुरलीशेठ : थांबा. तो वरचा काळा बॉक्स काढतो. हा बघा. वायरवाला आहे. लाइट नाही, चमक नाही, डब्बासुद्धा साधा. रेकॉर्डिंगचं काम करणारे घेऊन जातात. जसं आहे तसं ऐकवतो. त्या मघाच्यापेक्षा स्वस्त आहे.

तुळशीबाई : एवढा चांगला हाय तर वर धूल खात कशाला परलाय? विकला जात नाय तो माझ्या गल्यात मारतोस.

मुरलीशेठ : विकला जात नाही, हे खरं आहे. आणि तुमच्या गळ्यात मारतोय, हे पण खरं आहे. पण माल खोटा नाही.

जिज्ञासा : अंकल, माझ्या फोनला ही पिन बसत नाही.

तुळशीबाई : घे. आता वायर वेगली घ्यायला सांगेल.

मुरलीशेठ : जोडणी फुकट देतो, बस? मावशी, तुमच्या कानातल्या बुगड्या टोचणार नाहीत, याची गादी मोठी आहे. पूर्ण कान आत जातो. बाहेरचा आवाज बंद.

तुळशीबाई : फुकट काय देतोस, दरात धरलंच असशील. लाव गो. …हां. आता मी बाय मानसासारखी बोलते.

जिज्ञासा : शब्द कळतात का?

तुळशीबाई : काय बोलते ही? मना ऐकू येत नाय बाहेरचं. ऐक, कोनाच्या तरी बांगड्या वाजतात. पाट सरकवला. ते शेजारच्या सनीचं पोरगं रडतंय, नाय का? नि आता भागी खोकली.

मुरलीशेठ : मावशी, ओरडू नका, बाजूवाला बघतोय. भागी कोण?

जिज्ञासा : भागीरथीआजी. हिची धाकटी जाऊ. तिच्याच नातवाचं लग्न होतं ते, सुयोगचं. आजी पुढे बसून म्हणत होती आणि ती मागे. दोघींनी उभा जन्म एकत्र धवले म्हटलेत. त्या लग्नानंतर आजीने तिला सगळ्यांसमोर सुनावलं की तू मागून भलतंच पुटपुटतेस, माझा धवला नासवतेस, लोकांना दाखवायला बघतेस की तुला जास्त येतं. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. घरं समोरासमोर आहेत, अंकल. वाळत घातलेले कपडेसुद्धा एक आत गेली की दुसरी काढते.

मुरलीशेठ : आणि ती खरंच चुकीचं बोलत होती?

जिज्ञासा : तेच तर कळत नाही ना. रेकॉर्डिंगमध्ये मागे कोणीतरी काहीतरी म्हणतंय, एवढंच समजतं. पाठ करताना मी तिथेच अडकते. मला वाटतं तिथे एखादी ओळ आहे, आजी म्हणते काही नाही, मी म्हनते तेवढंच म्हन.

तुळशीबाई : (एक कान मोकळा करून) जिज्ञू.

जिज्ञासा : काय, आजी?

तुळशीबाई : हे परत कर. मागं ने थोरं.

जिज्ञासा : कुठून?

तुळशीबाई : घरच्यांना बोलवायला सुरुवात केली तिथून.

(तुळशीबाई दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरते. ऐकून झाल्यावर तो उतरवून हातात धरते.)

मुरलीशेठ : खराब आहे का, मावशी? दुसरा पीस काढू?

तुळशीबाई : यात काय घातलंय तू?

मुरलीशेठ : मी? मी काय घालणार? फोन तुमचा, आवाज तुमचा.

तुळशीबाई : खरं सांग. त्या डीजेवाल्यानं ढोल घातला तसं तुमी कोनी कायतरी घातलंय यात. जिज्ञू, तू तिकरं जाऊन आलीस का? भागीकडे? तिनं तुना हे नवीन बोलून दिलं का?

जिज्ञासा : नाही गं. ते रेकॉर्डिंग तेव्हापासून जसंच्या तसं आहे. मी कशाला खोटं बोलू? काय ऐकलंस तू?

तुळशीबाई : तूच ऐक. घे.

जिज्ञासा : …तू म्हणतेयस. गोमा आजाला या म्हटलं. धाऊ आजाला या म्हटलं. आता आजोबांचं नाव. आजी, तू आजोबांचं नाव घेतेस?

तुळशीबाई : तिथं घ्यावंच लागतं. धवलारनीला तिथं लाजून चालत नाय. पुढं ऐक.

जिज्ञासा : पुढे तू देवांवर गेलीस. आणि मागून… थांब. मागून ती हळूच… आजी, हे बाबांचं नाव आहे. कमळाकर, ये रे. तुझ्या भावाच्या लेकाची हळद आहे, ये. असं म्हणतेय ती.

तुळशीबाई : हां.

जिज्ञासा : मग तू का नाही म्हटलंस?

तुळशीबाई : मना वाटत होतं, मी म्हनते.

मुरलीशेठ : मावशी, बसा. स्टुलावर बसा. पाणी देतो.

तुळशीबाई : नको पानी. जिज्ञू, तुझा बाप दवाखान्यातून परत आला नाय, त्याच्यानंतर पहिला धवला म्हनायला बसले ना, तवा ते नाव तोंडापर्यंत आलं नि तिथंच राहिलं. म्हटलं, आज नाय जमलं, पुढच्या लग्नाला म्हनेन. पुढच्या लग्नाला म्हटलं की नाय ते मना ठाऊकच नाय. मनात म्हनत होते बहुतेक. मना वाटायचं, तोंडातून बी येतंय.

जिज्ञासा : आणि भागीआजी प्रत्येक वेळी मागून…

तुळशीबाई : प्रत्येक वेली. कोनाला कलू न देता. त्याला बोलावनं राहू नये म्हनून. मी माझ्याच आवाजात, मना कुठून ऐकू येनार? मना एवढंच कलायचं की ही माझी ओल संपली तरी मागं कायतरी बडबडते. नि मी तिच्याच दारात, तिच्याच व्याह्यांसमोर तिला म्हटलं की तुना येत नाय तर गप बसत जा.

जिज्ञासा : ती काहीच बोलली नाही तेव्हा?

तुळशीबाई : नाय. माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, बघा, चोरी पकडली म्हनून वाचा गेली. काय बोलली असती ती? तू तुझ्या लेकाला बोलवत नायस, असं चारचौघांत सांगितलं असतं? मी तिथंच मेले असते.

मुरलीशेठ : मावशी, माझं ऐका. मशीनमध्ये कधी कधी पुढचं-मागचं मिसळतं…

तुळशीबाई : आता तू नको सारवासारव करू, शेठ. मघाशी बोललास ना, जसं हाय तसं ऐकवतो. ऐकवलं त्यानं.

जिज्ञासा : आजी, धर्मेशच्या लग्नात काय करायचं? बाबांना बोलवायचंच आहे. त्याच्या हळदीला बाबांना बोलावलं नाही असं नको व्हायला. मी म्हणेन. तू तिथे थांब, मी मागून म्हणते.

तुळशीबाई : तू त्याची लेक हायस. तुझा गला माझ्याहून आधी भरेल.

जिज्ञासा : मग?

तुळशीबाई : इथून उठलो की सरळ भागीकडं जाऊ. हे यंत्र नाय दाखवायचं तिला. यंत्रानं सांगितलं म्हनून आली, असं नको. मी दारात उभी राहीन, तू आत जा नि सांग, धर्मेशचा धवला तू म्हन. पुढच्या पाटावर तू बस. तुलशी मागं बसते म्हनावं.

जिज्ञासा : ती नाही म्हणाली तर?

तुळशीबाई : म्हनू दे. तिचा हक्क हाय. मी उद्या परत जाईन. पाया बी परेन, मी मोठी जाऊ असले तरी. कमलाकरला बोलवनारं मानूस घरात एकच उरलंय.

मुरलीशेठ : बेटा, मग हा देऊ? की राहू दे? आता पाठ करायची गरज नाही ना तुला.

जिज्ञासा : गरज आहे. दोघी कायम थोड्याच पुरणार आहेत? अंकल, बिल पक्कं द्या, वॉरंटीचा शिक्का मारून.

तुळशीबाई : नि डीजेवाल्याला नाय द्यायचं हे, आत्ताच सांगून ठेवते.

जिज्ञासा : नाही देत, आजी. शपथ.

मुरलीशेठ : नवीन पीस काढतो, मावशी, सीलपॅक.

तुळशीबाई : नवीन नको. हाच दे. याच्यातून ऐकलंय मी.

मुरलीशेठ : ठीक आहे, हाच देतो. द्या इकडे, बॉक्समध्ये घालतो.

तुळशीबाई : थांब जरा. परत कानाला लावू दे. तिचं म्हनून होऊ दे.